जीआय घ्यायचं ठरवलंय? मग आधी नकाशा काढा

गावच्या मालाला जीआय मिळाल्याची बातमी आली की पेढे वाटले जातात, प्रमाणपत्र हातात धरून फोटो निघतो, फ्रेम संस्थेच्या भिंतीवर लागते. पुढच्या हंगामात बाजारात जाऊन बघावं तर भाव तोच, आणि शेजारच्या जिल्ह्यातला माल आपल्या नावाने खपवणारा व्यापारीही तोच. असं का होतं हे अर्ज करण्याआधीच कळलं तर पुढची बरीच दमछाक वाचते. गावात, विणकरांच्या वसाहतीत किंवा शेतकरी गटात ‘आपणही जीआय घेऊ या’ अशी चर्चा नुकती सुरू झाली असेल, तर हे वाचून मग बैठक बोलवा.

आधी थोडा कायदा

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन: विशिष्ट भागाशी जोडलेल्या मालाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण. त्यासाठीचा कायदा 1999 चा आहे आणि तो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. देशभरच्या अर्जांसाठी नोंदणी कार्यालय एकच, चेन्नईला. पहिली नोंदणी दार्जिलिंग चहाची. आपल्याकडे पुणेरी पगडी, पैठणी, सोलापुरी चादर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरची संत्री, वारली चित्रकला, आजरा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, घोलवडचा चिकू अशी लांबलचक यादी आहे.

ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, तो विकता येतो, भाड्याने देता येतो. जीआय त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो. संस्थेच्या नावावर नोंद झाली तरी ती संस्था तो विकू शकत नाही, गहाण टाकू शकत नाही, कुणाला परवान्यावर देऊ शकत नाही. गावच्या गायरानासारखं समजा: वापर सगळ्यांचा, विक्री कुणालाच नाही.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही. जीआय फक्त नावाला संरक्षण देतो. तुमच्यासारखा माल बनवायला तो कुणालाही अडवत नाही. सुरतेत कुणी मोराच्या पदराची साडी विणली तर विणू दे. तिला ‘पैठणी’ म्हणून विकता येणार नाही, एवढंच. नक्षी, आकृतिबंध, यंत्र यांच्या हक्कांसाठी डिझाइन आणि पेटंटचे कायदे वेगळे आहेत. शिवाय हा कायदा मालापुरताच. दार्जिलिंगच्या नावावरून चहा मंडळाने आयटीसी कंपनीविरुद्ध कलकत्ता उच्च न्यायालयात दावा लावला होता, कारण त्यांच्या हॉटेलात ‘दार्जिलिंग लाउंज’ नावाचं दालन होतं. 2019 मध्ये दावा फेटाळला गेला. दालन ही सेवा आहे, माल नव्हे.

आपला माल बसतो का?

मालाचा दर्जा, लौकिक किंवा एखादा विशेष गुण मुख्यतः त्या भागामुळे आलेला असला पाहिजे, एवढी कायद्याची अट. ‘आमच्याकडे खूप पिकतं’ हे कारण चालत नाही. ‘आमच्याकडचं वेगळं लागतं, आणि का लागतं ते हे बघा’ असं सांगता आलं पाहिजे.

कच्चा माल मात्र बाहेरचा असला तरी बिघडत नाही. पैठणीचं रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेची. विणकाम येवला-पैठणचं. तयार मालाच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक काम त्या भागात होत असलं की पुरतं.

नावात गावाचं नाव असलंच पाहिजे असंही नाही. हापूस किंवा वाघ्या घेवडा यांत कुठे गाव आहे? तरीही नाव घेताच कोकण किंवा कोरेगाव आठवतं. उलट नाव इतकं सर्वत्र पसरलं असेल की ते कुठल्याच भागाचं राहिलं नाही, तर नोंदणी अडते. म्हणूनच ‘रसगुल्ला’ असा मोकळा शब्द कुणाला मिळाला नाही: 2017 मध्ये ‘बांग्लार रॉसोगोल्ला’, 2019 मध्ये ‘ओडिशा रसगोला’, दोन्हींना आपापलं नाव.

या टप्प्यावर अर्ध्या दिवसाचं एक काम करून टाका. जीआय नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळ्या अर्जांची यादी आहे. आपलं नाव, शेजारच्या तालुक्याचं नाव, जुनं नाव, इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार घालून शोधा. आपल्याआधी कुणी अर्ज टाकून ठेवलेला असतो आणि गावाला पत्ता नसतो, असंही घडतं. नोंदणी आधीच झालेली असेल तर उत्तमच. मग नवा अर्ज नकोच, थेट अधिकृत वापरकर्ते होण्याच्या भागाकडे चला.

अर्ज कुणी करायचा

एकट्या शेतकऱ्याला किंवा कारागिराला अर्ज करता येत नाही. उत्पादकांचा संघ, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, नाहीतर कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठ-महामंडळासारखी संस्था लागते. आणि ती संस्था उत्पादकांच्या हिताचं प्रतिनिधित्व करते हे प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं.

इथे थोडं सावध राहा. कायद्यातल्या ‘उत्पादक’ या शब्दात पिकवणारा आणि बनवणारा तर येतोच, पण त्या मालाचा व्यापार करणाराही येतो. त्यामुळे सभासद यादीत आडते भरपूर आणि शेतकरी तोंडी लावायला, अशी संस्थाही अर्ज करून बसू शकते. माझं मत विचाराल तर पोटनियमातच लिहून घ्या: कार्यकारिणीत पिकवणाऱ्यांचं किंवा विणणाऱ्यांचं बहुमत. नंतर हे जमत नाही. नोंदणी झाली की तोच संघ ‘नोंदणीकृत मालक’ होतो, आणि त्याच्याच संमतीपत्रासाठी तुम्हाला खेटे घालावे लागतात.

कृषी विद्यापीठ, पणन मंडळ, नाबार्ड, जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे मदत मागायला लाजू नका. अर्जाचा तांत्रिक भाग तेच चांगला लिहितात. सल्लागार नेमणार असाल तर कागदपत्रांचा मूळ संच संस्थेच्या कपाटात राहील असं लेखी ठरवा. एका गटाचा सल्लागार मध्येच फोन उचलेनासा झाला, आणि त्यांच्या अर्जाची एक प्रतही त्यांच्याकडे नव्हती. सहा महिने त्यातच गेले.

नकाशा: सगळ्यात भांडणाचं काम

अर्जासोबत त्या भागाचा प्रमाणित नकाशा जोडावा लागतो, तीन प्रतींत. वाचायला साधं वाटतं. मिरचीवाल्यांच्या अशाच एका बैठकीला मी बसलो होतो. नाल्याच्या पलीकडची दोन गावं हद्दीत घ्यायची की नाही, यावर तीन तास गेले. जमीन तिकडे मुरमाड, मिरचीला तो रंग येत नाही, हे सगळ्यांना माहीत. पण अध्यक्षांची सासुरवाडी पलीकडे होती.

हद्द मोठी ठेवली की सगळे खूश होतात, पण परीक्षणात ‘वेगळेपण कुठे?’ हा प्रश्न येतो आणि पुढे बाजारातही तोच येतो. हद्द फार आखूड ठेवली तर ज्यांना वगळलं ते विरोध नोंदवतात. हापूसचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 2008 मध्ये अर्ज केला. पुढे रत्नागिरी वेगळा, देवगड वेगळा की सगळा कोकण एक, या वादात वर्षं गेली. नोंदणी झाली ती 2018 च्या ऑक्टोबरात: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे धरून. कोल्हापुरी चपलेने तर राज्याची सीमाच ओलांडली आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणीही दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांची मिळून. कारागिरांची वस्ती जिथवर आहे तिथवर हद्द गेली.

म्हणून आधी जमिनीचा प्रकार, पाऊस, उंची, पाण्याचा स्रोत बघा आणि मग रेघ ओढा. कृषी सहायक आणि जुने शेतकरी यांना एकत्र बसवा. वादाची गावं असतील तर तिथला माल आणून तपासून घ्या आणि निकाल इतिवृत्तात लिहा. विरोध आला की हाच कागद कामाला येतो.

पुरावा ट्रंकेत असतो

मूळ सिद्ध करायला जुने दाखले लागतात. ‘पूर्वजांपासून’ हा शब्द पुरावा नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेळी 1883 च्या कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधला, म्हणजे सरकारी माहितीग्रंथातला, उल्लेख मोलाचा ठरला. ब्रिटिशांनी जिल्ह्याजिल्ह्यांचे गॅझेटिअर लिहून ठेवले आहेत. आपल्या जिल्ह्याचा खंड शेती, व्यापार आणि हस्तव्यवसाय या प्रकरणांसाठी चाळा. ऑनलाइनही मिळतात.

त्यानंतर घरोघरी फिरा. मघाच्या मिरचीच्या गटात एका आजोबांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. आत आडत्याच्या पट्ट्या, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि प्रत्येकीवर मालाच्या नावापुढे गावाचं नाव. व्यापारी आपल्या मालाला गावाच्या नावाने ओळखत होता, याहून चांगला दाखला कुठला? बाजार समितीची जुनी दफ्तरं, जत्रेतल्या प्रदर्शनाची प्रमाणपत्रं, लग्नाच्या याद्या, देवस्थानचे हिशेब, जुनी वर्तमानपत्रं, जात्यावरच्या ओव्या, सगळं जमवा. प्रत्येक कागदाची तारीख आणि तो कुणाकडून मिळाला ते मागे पेन्सिलीने लिहा. मूळ कागद परत करा, स्कॅन ठेवा.

मालाचं वर्णन: इथे घाई नको

सगळा अर्ज या भागावर उभा असतो, आणि बहुतेक जण तो दोन पानांत उरकतात. ‘चविष्ट, सुगंधी, टिकाऊ’ असं लिहिलेलं वर्णन कशालाही लागू पडतं. अशा वर्णनाच्या जोरावर उद्या नकली माल ओळखून दाखवता येत नाही, आणि नाव जपायचं तर तेच करावं लागणार आहे.

पैठणी घ्या. खरी हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करा. मोर, मुनिया, असावलीची वेल, जी नक्षी वर तीच खाली, तितकीच स्वच्छ. कारण नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, वेगळी कांडी असते. विणकर तो रंग तेवढ्याच जागेत फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो. यंत्रमागाच्या साडीला उलट्या बाजूने लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. काठही तसेच. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा एकमेकांत गुंतवायला तीन धोटे चालवावे लागतात. आता हे वर्णन बघा: दुकानात उभं राहून, साडी हातात घेऊन, कुणीही तपासू शकतं. तुमच्या मालाचंही असंच लिहिता आलं पाहिजे.

शेतीमालाला मोजमाप लागतं: फळाचं वजन, साखरेचं प्रमाण, हळदीतलं कर्क्युमिन, मिरचीचा रंग आणि तिखटपणा, तांदळाची लांबी-रुंदी. दोन-तीन हंगामांचे प्रयोगशाळेचे अहवाल असले तर पाया पक्का होतो. आकडे फुगवू नका. सर्वोत्तम शेतकऱ्याच्या सर्वोत्तम तोडणीचा नमुना पाठवून आलेला आकडा अर्जात टाकला, तर पुढे निम्म्या गावाचा माल त्यात बसत नाही, आणि मग स्वतःच्याच व्याख्येने आपण नकली ठरतो. कमीत कमी काय आणि जास्तीत जास्त काय, अशी पट्टी द्या.

पद्धतही क्रमाने लिहा, आणि बोलीतल्या शब्दांसकट. बी कधी टाकतात, कोणत्या वखरणीनंतर, काढणी कशावरून ठरते, वाळवण कशावर. म्हाताऱ्या बायकांना विचारा. वाळवण-निवडण त्यांच्या हातून होत आलं आहे आणि वेगळेपणाचं गुपित बऱ्याचदा तिथेच सापडतं.

अर्जात तपासणी यंत्रणेची माहितीही मागतात. दर्जा कोण बघणार, किती वेळा, नापास मालाचं काय करणार? दहा अधिकाऱ्यांच्या नावांची शोभेची समिती लिहून टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा दोन जाणते उत्पादक, विद्यापीठाचा किंवा खात्याचा एक माणूस आणि एक वही, एवढंच लिहा, पण ती वही खरोखर भरा.

अर्ज टाकल्यावर

अर्ज जीआय-1 या नमुन्यात, मालाच्या वर्गानुसार. ताजी फळं-भाज्या 31 व्या वर्गात, तांदूळ-गूळ-हळद 30 व्या, कापड 24 व्या, कपडे-पादत्राणं 25 व्या. शुल्क दर वर्गामागे असतं. 2002 च्या मूळ नियमांत ते 5000 रुपये होतं. भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरचा चालू तक्ता बघून भरा. खरं सांगायचं तर शुल्काचा खर्च किरकोळ असतो. अहवाल, नकाशे, प्रवास आणि लोकांना एकत्र ठेवणं यात पैसा आणि जीव जातो.

त्रुटी असतील तर पत्र येतं आणि त्या एका महिन्यात दूर करायच्या असतात. मग निबंधकांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा सल्लागार गट अर्ज तपासतो. त्यांच्यासमोर बोलायला पदाधिकाऱ्यापेक्षा पिकवणारा माणूस न्या. ‘हा आंबा याच मातीत असा का होतो?’ या प्रश्नावर अध्यक्ष भाषण करतात, शेतकरी उत्तर देतो. सोबत मालही न्या. परीक्षण अहवालातल्या आक्षेपांना दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ही मुदत पाळलीच पाहिजे. पत्ता संस्थेच्या कार्यालयाचा द्या. सचिवाच्या घरचा दिला तर सचिव बदलल्यावर पत्रं कुठे जातात ते मी सांगायला नको.

अर्ज स्वीकारला गेला की तो जीआय जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. तिथून विरोध नोंदवायला तीन महिने, आणि वाढवून मागितल्यास आणखी एक महिना. विरोध आला तर दोन महिन्यांत प्रत्युत्तर. नाही आला तर नोंदणी आणि प्रमाणपत्र. सगळं सुरळीत गेलं तरी दीड-दोन वर्षं धरून चाला.

प्रमाणपत्र आलं, आता खरं काम

संस्थेला जीआय मिळाला म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला तो आपोआप लागू झाला, हा गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकला आहे. तसं नसतं. ज्याला आपल्या पेटीवर, लेबलवर ते नाव जीआय म्हणून वापरायचं आहे त्याने स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करायची. नमुना जीआय-3. 2020 मध्ये नियम सोपे झाले आणि शुल्क 10 रुपयांवर आलं. दहा रुपये! सातबारा किंवा कारागीर ओळखपत्र, आपण त्या हद्दीतले उत्पादक असल्याचं निवेदन, आणि मालक संस्थेचं संमतीपत्र जोडलं की काम सुकर होतं. शिबिर लावून एका दिवसात शंभर अर्ज भरता येतात. वापरकर्ता वारला तर हक्क वारसांकडे जातो.

इथवर येऊन थांबलेल्या संस्था पुष्कळ आहेत. मालक संस्था एक, वापरकर्ते बोटावर मोजण्याइतके, आणि बाजारात त्या नावाने माल विकणारे हजार. मग नकली कुणाला म्हणायचं? जो नोंदलेला नाही तो शेजारी खरा शेतकरी आहे की बाहेरचा व्यापारी, हे गिऱ्हाइकाला कसं कळावं? आधी आपल्या सगळ्यांना आत घ्या.

मग खूण द्या. 2018 पासून जीआयचं एक राष्ट्रीय बोधचिन्ह आहे, ते अधिकृत वापरकर्त्याला लावता येतं. पण नुसती खूण छापखान्यात कुणीही छापतं, ‘देवगड हापूस’ छापलेल्या रिकाम्या पेट्या तर बाजारात ढिगाने मिळतात. म्हणून 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं, आणि ते बागायतदाराच्या झाडांच्या हिशेबाने वाटायचं ठरवलं. मला यातला दुसरा भाग जास्त आवडला. पन्नास कलमांचा मालक पाच हजार कलमांएवढी स्टिकरं मागायला लागला की तिथेच कळतं, हा बाहेरचा माल भरतोय. तुमच्या गटाला एवढं तंत्र परवडणार नसेल तर क्रमांकाचं साधं लेबल आणि कुणाला किती दिली त्याची नोंदवही, एवढ्यावर सुरुवात होते.

नकली माल सापडला तर

आधी विकत घ्या. पक्कं बिल घ्या, लेबलचा आणि दुकानाचा फोटो काढा, माल सीलबंद ठेवा. नंतर संस्थेच्या लेटरहेडवर नोटीस. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण दुकानदाराला बऱ्याचदा माहीतच नसतं. नोंदणीकृत वापरकर्त्याकडून रीतसर घेतलेला माल पुढे विकणारा दुकानदार दोषी नसतो हेही ध्यानात ठेवा. आपल्याच गिऱ्हाइकाला नोटीस पाठवून बसू नका. त्यापुढे दिवाणी दावा आहे, आणि खोटा जीआय लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

न्यायालयात जायचं तर मालक संस्थेने किंवा अधिकृत वापरकर्त्याने जायचं. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गदारोळ झाला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली: नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, तुम्ही कोण? कितीही कळवळा असला तरी कागदावर नाव ज्याचं, त्यानेच उठायला हवं.

आणि भारतातली नोंदणी भारतापुरती. निर्यात करत असाल तर त्या-त्या देशात वेगळा अर्ज लागतो, त्याला आपल्याकडची नोंदणी आधी असावी लागते. दार्जिलिंग चहाने युरोपीय संघात 2011 मध्ये, कांगडा चहाने 2023 मध्ये तशी नोंदणी मिळवली. निर्यात नसेल तर त्या भानगडीत पडू नका.

नोंदणीची मुदत दहा वर्षं, मग नूतनीकरण. वापरकर्त्यांचीही मुदत असतेच. दहा वर्षांत दोन-तीन कार्यकारिण्या बदलतात, अर्ज करणारा उत्साही सचिव पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला असतो. तेव्हा मुदत संपण्याची तारीख इतिवृत्ताच्या प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा, आणि पत्र्याच्या ट्रंकेतल्या त्या कागदांची स्कॅन प्रत किमान दोघांच्या घरी ठेवा.